परदेशातून दत्तक घेतलेले मूल : घरी आल्यानंतरची कायदेशीर व व्यावहारिक कामे

दत्तकविधानाचा आदेश हाती आला, मुलाला विमानाने घरी आणले, नातलगांनी व धर्मग्रामातील स्नेह्यांनी त्याचे कौतुकाने स्वागत केले की आता सर्व काही पार पडले अशी बहुतेक आईवडिलांची समजूत होते. वर्षानुवर्षे अर्ज, मुलाखती आणि प्रतीक्षा यांत गेलेली असतात. त्यामुळे आणखी एखादा कागद भरावयाचा आहे हे ऐकण्याचीही त्यांची मनःस्थिती नसते. परंतु परदेशातून आलेल्या मुलाच्या बाबतीत काही महत्त्वाची कामे मूल घरी आल्यानंतरच सुरू होतात. त्यांपैकी एखादे राहून गेले तर त्याची झळ आईवडिलांना लागत नाही. ती वीस-पंचवीस वर्षांनी त्या मुलालाच लागते. म्हणून या विषयाची माहिती एकत्रितपणे वाचकांपुढे ठेवणे आम्हांला आवश्यक वाटले.

वसई, मुंबई, पुणे, नाशिक येथील अनेक मराठी कॅथलिक कुटुंबे आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेली आहेत. त्यांपैकी काही दाम्पत्ये भारतातून मूल दत्तक घेतात. मूल पुण्यातील संस्थेतले असले तरी तेथील सरकारच्या दृष्टीने ते परदेशातूनच आलेले असते. प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत. उदाहरणार्थ, कॅनडामध्ये डिसेंबर २००७ पासून दत्तक मुलासाठी थेट नागरिकत्वाचा अर्ज करण्याची सोय आहे. सर्वच देशांचा परामर्श एका लेखात घेणे शक्य नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही भारतातून अमेरिकेत गेलेल्या मुलाचा विचार केला आहे. कागदांचे तपशील इतरत्र बदलतील, परंतु कोणती कामे करावयाची याचा अंदाज इतर देशांतील वाचकांनाही येईल.

जुन्या काळातील एक त्रुटी

आजचे नियम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा हा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती, मुस्लिम व पारशी दाम्पत्यांना देशभर लागू होईल असा दत्तकाचा कायदाच नव्हता. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे केवळ 'पालक' होता येत असे. परदेशी दाम्पत्यांनाही हाच मार्ग होता. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, परंतु कायद्याचा पाया तोच राहिला. मूल भारतातून निघे ते पाल्य म्हणून. खरे दत्तकविधान त्या देशात पोहोचल्यावर व्हावयाचे आणि त्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करावयाचा. पुष्कळांनी तो केला. काहींनी केला नाही, आणि काही ठिकाणी तर तेथे दत्तकविधानच झाले नाही.

याचे परिणाम किती दारुण होऊ शकतात याचे एक उदाहरण मुंबईशी संबंधित आहे. १९८९ साली मुंबईहून एक लहान मुलगी दत्तकासाठी अमेरिकेत पाठवण्यात आली. तेथे तिची अनेक घरांतून परवड झाली आणि तिच्या नागरिकत्वाची कार्यवाही कोणीच पूर्ण केली नाही. प्रौढपणी एका गुन्ह्यात तिला शिक्षा झाली, तेव्हा ती अमेरिकेची नागरिकच नाही असे निष्पन्न झाले. २००८ साली तिला भारतात परत पाठवण्यात आले. मागे तिची दोन मुले राहिली. इकडे ना भाषेची ओळख, ना माणसांची. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. गुन्ह्याची शिक्षा कोणालाही चुकत नाही हे मान्य, परंतु ज्या चुकीमुळे तिला देश गमवावा लागला ती चूक तिची नव्हती.

ख्रिस्ती दाम्पत्यांच्या दृष्टीने भारतातील परिस्थिती २००० च्या बाल न्याय कायद्याने व त्यातील २००६ च्या दुरुस्तीने पालटली. धर्म कोणताही असो, या कायद्याखाली पूर्ण दत्तक घेता येते हे सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात फेब्रुवारी २०१४ मध्ये स्पष्ट केले. आज २०१५ चा बाल न्याय कायदा व २०२२ ची दत्तक नियमावली लागू आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच 'कारा', ही त्याची मध्यवर्ती यंत्रणा होय. पूर्वी दत्तक आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, १ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला. त्यामुळे दोन भावंडांच्या आदेशांवर दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या सह्या असल्या तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही.

नागरिकत्व आणि त्याचा पुरावा

अमेरिकेत 'बाल नागरिकत्व कायदा २०००' हा २७ फेब्रुवारी २००१ रोजी अमलात आला. आईवडिलांपैकी किमान एक जण अमेरिकेचा नागरिक असेल, मूल अठरा वर्षांखालील असेल, ते कायम वास्तव्याच्या व्हिसावर देशात आलेले असेल, त्या नागरिक पालकाच्या ताब्यात व त्याच्यासोबत तेथे राहत असेल आणि दत्तकविधान पूर्ण व अंतिम असेल, तर ते मूल कायद्यानेच नागरिक होते. त्यासाठी वेगळी शपथ किंवा परीक्षा नसते. ज्यांनी त्या दिवसापूर्वीच अठरावे वर्ष पूर्ण केले होते त्यांना मात्र या कायद्याचा लाभ मिळाला नाही. त्यांना सामावून घेणारी विधेयके २०१५ पासून अमेरिकी संसदेत वारंवार मांडली गेली, परंतु २०२४ अखेरपर्यंत त्यांपैकी एकाचाही कायदा होऊ शकला नाही.

येथे आईवडिलांनी प्रथम मुलाच्या पासपोर्टवरील व्हिसाचा प्रकार पाहावा. भारत २००३ पासून आणि अमेरिका १ एप्रिल २००८ पासून हेग दत्तक कराराने बांधलेली आहे. म्हणून आता भारतातून जाणाऱ्या दत्तक मुलांना 'आयएच' या अक्षरांनी सुरू होणारा व्हिसा मिळतो. दत्तकविधान भारतातच अंतिम झाले असेल तर 'आयएच-३'. मूल केवळ ताब्यात दिले असून दत्तकविधान अमेरिकेत व्हावयाचे असेल तर 'आयएच-४'. करारापूर्वी आलेल्या मुलांच्या कागदांवर 'आयआर-३' व 'आयआर-४' असे प्रकार दिसतील.

हा एका आकड्याचा फरक फार मोठा आहे. तीन आकडा असलेले मूल विमानतळावर प्रवेश मिळताच नागरिक होते आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र सरकार स्वतःहून टपालाने पाठवते. चार आकडा असलेल्या मुलाला आधी ग्रीन कार्ड मिळते. तेथील राज्याच्या न्यायालयात दत्तकविधान पूर्ण झाल्यावरच ते नागरिक होते, आणि तेही अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या आत झाले तरच. त्यानंतर प्रमाणपत्रासाठी आईवडिलांनी 'एन-६००' हा अर्ज स्वतः करावयाचा असतो. तो कोणी आठवण करून देऊन भरून घेत नाही. ग्रीन कार्ड आले, मूल शाळेत जाऊ लागले, म्हणून काम झाले असे समजून थांबलेली कुटुंबे हीच पुढे अडचणीत येतात.

तीन आकडा असलेल्यांनीही निश्चिंत राहू नये. पत्ता बदलल्याने प्रमाणपत्र परत गेले, नावात चूक झाली, असे प्रकार घडतात. काही महिने उलटूनही ते आले नाही तर लेखी विचारणा करावी. नावाची दुरुस्ती किंवा हरवलेल्या प्रमाणपत्राची नवी प्रत यांसाठी 'एन-५६५' हा अर्ज आहे.

मुलाचा अमेरिकी पासपोर्ट काढला आहे, मग प्रमाणपत्र कशाला, असा युक्तिवाद केला जातो. पासपोर्ट अवश्य काढावा. सोळा वर्षांखालील मुलासाठी आईवडील दोघांची संमती लागते व तो पाच वर्षे चालतो. पण पासपोर्टची मुदत संपते, प्रमाणपत्राची संपत नाही. शिवाय पासपोर्ट देणारे खाते वेगळे आणि नागरिकत्वाची नोंद ठेवणारे खाते वेगळे. एकाकडे नोंद झाली म्हणून दुसऱ्याकडे ती आपोआप जात नाही. आमच्या मते हे दोन्ही कागद घरात असलेच पाहिजेत.

सोशल सिक्युरिटी क्रमांकाबाबतही असेच आहे. मूल आल्यावर लगेच क्रमांक घेतला तर त्या कार्यालयाच्या दप्तरात पुष्कळदा ते 'कायम रहिवासी' असे नोंदले जाते. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आल्यावर ते घेऊन पुन्हा जावे व नोंद 'नागरिक' अशी बदलून घ्यावी. ही फेरी न केल्यास अठरा-वीस वर्षांनंतर पहिल्या नोकरीच्या किंवा शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीच्या वेळी प्रश्न उभा राहतो.

ज्यांना हा मार्ग लागू नाही

दोन प्रकारच्या कुटुंबांना येथे सावध करणे आम्हांला कर्तव्य वाटते. पहिला प्रकार म्हणजे स्वतः अद्याप ग्रीन कार्डवर किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेली दाम्पत्ये. हेग करारानुसार दत्तकाचा अर्ज अमेरिकेत करण्यासाठी पती-पत्नींपैकी एकाने तरी अमेरिकेचे नागरिक असावे लागते. भारतातील आदेश वैध असला तरी त्यामुळे मुलाला तिकडचा व्हिसा मिळेलच असे नाही. मूल आधी घेऊन मग व्हिसाचे पाहू, असा विचार अशा दाम्पत्यांनी करू नये.

दुसरा प्रकार आपल्या समाजात अधिक आढळतो. अमेरिकेतील भावाला अपत्य नाही. गावातील भाऊ-वहिनी आपल्या तीन लेकरांपैकी एक त्याच्या ओटीत घालण्यास तयार होतात. भावना थोर आहे. परंतु कायदा येथे फार काटेकोर आहे. भारतीय कायद्यात नातलगांमधील परदेशी दत्तकाची तरतूद आहे. 'नातलग' म्हणजे मुलाचे काका-काकू, आत्या, मामा, मावशी किंवा आजी-आजोबा. पण तेही काराच्या मार्फत आणि दोन्ही देशांच्या परवानगीनेच. नोटरीकडे केलेल्या दत्तकपत्राने ख्रिस्ती कुटुंबाचे काम होत नाही. कायद्याबाहेर मुलाची देवघेव करणे हा बाल न्याय कायद्याच्या ८०व्या कलमाखाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अमेरिकेच्या बाजूने आणखी एक अट आहे. मुलाचे जन्मदाते आईवडील दोघेही हयात असतील तर ते त्याचा योग्य सांभाळ करण्यास असमर्थ असले पाहिजेत. नोकरीधंदा असलेल्या, धडधाकट आईवडिलांचे मूल या अटीत बसत नाही. भावाभावांतील संमती कितीही निखळ असली तरी व्हिसा येथेच अडतो. आणि तोवर मूल 'तू आता काकांचा' हे ऐकून मोठे झालेले असते. त्या मुलाशी असे वागणे योग्य नव्हे.

याउलट, अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन पुन्हा भारतात राहावयास आलेली काही दाम्पत्ये येथेच मूल दत्तक घेतात. मूल अमेरिकेत राहत नसल्याने त्याला आपोआप नागरिकत्व मिळत नाही. त्यांच्यासाठी 'एन-६००के' हा निराळा अर्ज असून पालक पूर्वी अमेरिकेत किती वर्षे राहिला यासारख्या त्याच्या अटी आहेत. सर्व कार्यवाही शपथेसह मुलाचे अठरावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी संपली पाहिजे. सतराव्या वर्षी धावपळ सुरू करू नये.

नाव, जन्मदाखला आणि पुनर्दत्तक

दत्तक आदेशाच्या आधारे भारतातील जन्म-मृत्यू निबंधक दत्तक आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला देतात. तो देश सोडण्यापूर्वीच, शक्य तर एकाहून अधिक प्रतींत, घ्यावा. नंतर एखाद्या नातलगाने गावाहून नगरपालिकेत खेटे घालणे फार जड जाते.

मुलाचे नाव काय ठेवावयाचे याचा निर्णय आदेशापूर्वीच झालेला बरा. जे नाव आदेशात, तेच पासपोर्टवर, तेच व्हिसावर आणि तेच नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर उतरते. आपल्याकडील आडनावांचा घोळ वेगळाच आहे. घोन्साल्विस हे एकच आडनाव एका घरातील भावंडे इंग्रजीत निरनिराळ्या प्रकारे लिहितात. वडिलांच्या पासपोर्टवरील वर्णाक्षरे मुलाच्या कागदावर जशीच्या तशी आहेत ना, हे आईवडिलांनी स्वतः डोळ्यांखालून घालावे. संस्थेत मुलाला ज्या नावाने हाक मारीत ते नाव पूर्णपणे पुसून टाकू नये, मधले नाव म्हणून तरी ठेवावे, असे आम्ही सुचवू. चार-पाच वर्षांच्या मुलाजवळ स्वतःचे असे तेवढेच असते.

भारतात दत्तकविधान अंतिम झालेले असले तरी अमेरिकेतील आपल्या राज्यात त्यास मान्यता घ्यावी, असा सल्ला जाणकार वकील देतात. यास पुनर्दत्तक म्हणतात. काही राज्यांत परदेशी आदेशाची नोंदणी पुरते, काहींत न्यायालयासमोर जावे लागते. याचा लाभ असा की मुलाला त्या राज्याचा इंग्रजी जन्मदाखला मिळतो. शाळा, वाहन परवाना, विवाह अशा प्रत्येक प्रसंगी मराठी-इंग्रजी कागदांचे बाड काढावे लागत नाही. भारतातील मूळ आदेश हरवला तरी तेथील न्यायालयाची प्रत सहज मिळते. ज्या मुलांच्या जन्मतारखा अंदाजाने लिहिलेल्या असतात त्यांच्या बाबतीत वैद्यकीय पुराव्यावर तारीख दुरुस्त करण्याची सोयही काही राज्यांत याच वेळी असते. मात्र पुनर्दत्तकात नाव बदलले तर वर सांगितलेला 'एन-५६५' अर्ज भरून प्रमाणपत्रही बदलून घ्यावे लागते, हे विसरू नये.

भारताच्या बाजूची कामे

मूल भारतीय पासपोर्टवर प्रवास करून गेलेले असते. अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यावर तो पासपोर्ट प्रवासासाठी वापरू नये. भारतीय वकिलातीत तो जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे व त्यानंतर 'ओसीआय' कार्डासाठी अर्ज करावा. पूर्वी भारतीय नागरिक असलेल्या मुलास या कार्डाचा अर्ज करता येतो. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट नवा केला की त्याची प्रत संकेतस्थळावर चढवावी लागते आणि विसाव्या वर्षानंतर पहिला पासपोर्ट निघाल्यावर कार्ड एकदा नव्याने घ्यावे लागते. आजीला भेटावयास नाताळात गावी यावयाचे आणि विमानतळावर हे लक्षात यावयाचे, असे होऊ नये.

दुसरे काम म्हणजे पाहणी अहवाल. मूल परदेशात पोहोचल्यापासून दोन वर्षे त्याच्या प्रगतीचा अहवाल काराकडे जावा लागतो. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे एकूण सहा अहवाल. ते तेथील मान्यताप्राप्त संस्थेची समाजसेविका घरी येऊन तयार करते. काही आईवडिलांना ही लुडबुड वाटते. परंतु १९८९ च्या त्या मुलीकडे अशी कोणी वेळच्या वेळी फेरी मारली असती तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मूल रात्री झोपत नाही, ताटातील अन्न लपवून ठेवते, अनोळखी माणसाच्या कडेवर चटकन जाते, या गोष्टी त्या भेटीत मोकळेपणाने सांगाव्यात. संस्थेतून आलेल्या मुलांत त्या आढळतात व वेळीच मदत मिळाली तर पुष्कळशा निवळतात. सर्व आलबेल आहे असे लिहून घेण्यात कोणाचेच हित नाही.

मुलाला मराठी येत असेल तर मराठी कुटुंबाकडे एक मोठीच देणगी आहे. पहिले काही महिने त्याच्याशी मराठीतच बोलावे. इंग्रजी शाळा शिकवीलच.

प्रकृती, विमा, रजा आणि कर

येथे आम्ही थोडक्यात सांगतो. घरी आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत बालरोगतज्ज्ञाकडे पूर्ण तपासणी करावी. संस्थेतील अहवाल हाती असले तरी क्षयरोग, कावीळ ब, एचआयव्ही व पोटातील जंत यांच्या तपासण्या पुन्हा करण्याची पद्धत आहे. दहा वर्षांखालील दत्तक मुलांना व्हिसाच्या वेळी लसीकरणातून सूट घेता येते, पण त्या वेळी आईवडिलांनी प्रवेशानंतर तीस दिवसांत, किंवा प्रकृतीच्या दृष्टीने योग्य होताच, लसी देण्याचे प्रतिज्ञापत्र दिलेले असते. त्याचा विसर पडू नये. नोकरीतील आरोग्य विम्यात मुलाचे नाव घालण्यासाठी साधारणतः तीस दिवसांचीच मुदत असते. ती चुकल्यास पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षभर काम केलेल्यांना, कामाच्या तासांची अट पूर्ण होत असल्यास, दत्तकासाठी बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी पण नोकरी सुरक्षित ठेवणारी रजा मिळते. ती आईप्रमाणे वडिलांनाही आहे. वडिलांनी ती घ्यावी.

दत्तकासाठी झालेल्या खर्चावर केंद्रीय प्राप्तिकरात सूट आहे. २०२५ या वर्षासाठी तिची कमाल मर्यादा प्रत्येक मुलामागे १७,२८० डॉलर असून त्यांपैकी ५,००० डॉलरपर्यंतची रक्कम, कर तेवढा नसला तरी, परत मिळू शकते. उत्पन्न जास्त असल्यास सूट घटते. परदेशी मुलाच्या बाबतीत दत्तकविधान अंतिम झाल्यावरच ती मागता येते. म्हणून आधीच्या वर्षांतील खर्चाच्या पावत्याही सांभाळून ठेवाव्यात.

ख्रिस्तसभेच्या दप्तरात

कॅनन लॉच्या ११०व्या कलमानुसार, नागरी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुले मानली जातात. त्यात पोटचे आणि दत्तक असा दुजाभाव नाही. बाळ येशूचे नाव ठेवण्याचे काम संत योसेफाकडे सोपवले गेले आणि नाव ठेवल्याने तो कायद्याने त्याचा पिता ठरला, हे संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे.

स्नानसंस्कारासाठी मुलाच्या आईवडिलांची संमती लागते, आणि दत्तक आदेशानंतर ते आईवडील म्हणजे आपणच. त्यामुळे आदेश झाल्याखेरीज संस्काराची घाई करू नये. मूल सात वर्षांचे होऊन समजू लागले असेल तर कॅनन लॉ त्याला या संस्कारापुरते प्रौढ मानतो. म्हणजे त्याची स्वतःची इच्छा व पूर्वतयारी हवी. पूर्वी कोठे स्नानसंस्कार झाला आहे किंवा काय याची चौकशी करावी. तरीही शंका उरल्यास सशर्त संस्कार देण्याची तरतूद ८६९व्या कलमात आहे.

नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे कशी लिहावयाची हे ८७७व्या कलमाचा तिसरा परिच्छेद सांगतो. जन्मदात्यांची नावे लिहावयाची की नाही हे त्या देशातील नागरी नोंदीची पद्धत व बिशप परिषदेचे नियम यांवर अवलंबून असते. अमेरिकेच्या बिशप परिषदेच्या नियमानुसार, दत्तकविधानानंतर स्नानसंस्कार झाल्यास नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे व दत्तक असल्याची नोंद होते, जन्मदात्यांची नावे लिहिली जात नाहीत. आणि बाहेर दिल्या जाणाऱ्या दाखल्यावर दत्तकाचा उल्लेखही नसतो. पहिल्या ख्रिस्तशरीरसंस्काराच्या वर्गात मुलाचा दाखला इतरांसारखाच दिसतो. नोंदवही मात्र सत्य जपून ठेवते. विवाहाच्या वेळी याचे महत्त्व असते, कारण १०९४व्या कलमानुसार दत्तकामुळे भाऊ-बहीण झालेल्यांचा विवाह ग्राह्य होत नाही.

वारसा व मूळ शोध

बाल न्याय कायद्याच्या ६३व्या कलमानुसार दत्तक आदेशाच्या दिवसापासून मूल सर्व दृष्टींनी, वारसाहक्कासह, दत्तक आईवडिलांचे होते. पण १८९० च्या कायद्याखाली 'पाल्य' म्हणून आलेल्या व ज्यांचे पुढे कोठेच दत्तकविधान झाले नाही अशा जुन्या मुलांना हा हक्क आपोआप मिळत नाही. आज चाळिशीत असलेल्या अशा व्यक्ती आपल्या कुटुंबात असतील तर आईवडील हयात असताना मृत्युपत्र करून घेणे हाच निर्धोक मार्ग होय. गावाकडील वाडी व शेतजमीन हा नेहमीचा कळीचा मुद्दा. ओसीआय कार्डधारकास शेतजमीन विकत घेता येत नाही, परंतु वारसाने ती त्याच्याकडे येऊ शकते. मृत्युपत्रात मुलाचे नाव घालताना दत्तक आदेशाचा क्रमांक व तारीख लिहावी, म्हणजे तलाठ्याकडे फेरफाराच्या वेळी चुलत्यांना वाद काढण्यास जागा उरत नाही. आपल्या पश्चात मुलाचा पालक कोण, हेही अमेरिकेतील मृत्युपत्रात नमूद करावे.

राहता राहिला कागदांचा प्रश्न. दत्तक आदेश, हेग कराराच्या २३व्या कलमाखालील अनुरूपता प्रमाणपत्र, काराचे ना हरकत प्रमाणपत्र, संस्थेने दिलेले मुलाचे अहवाल, जुना भारतीय पासपोर्ट रद्द होण्यापूर्वीची त्याच्या प्रत्येक पानाची छायाप्रत, हे सर्व अग्निरोधक पेटीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे आणि एक संच घराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे द्यावा. हे कागद मुलाचे आहेत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी त्याला स्वतः अर्ज करता येतो, त्यापूर्वी आईवडिलांसह संयुक्तपणे. जन्मदात्रीची ओळख तिच्या इच्छेविरुद्ध उघड केली जात नाही आणि मुलाच्या वतीने त्रयस्थ व्यक्तीने असा शोध घेण्यास नियमावलीत परवानगी नाही. म्हणून सुटीत गावी आलेल्या मुलासाठी एखाद्या मामाने परस्पर संस्थेत जाऊन चौकशी करू नये. अर्ज काराकडे किंवा ज्या संस्थेमार्फत दत्तकविधान झाले तिच्याकडे करावा.